रिपोर्ट स्वच्छ आला, मग अजून दोन वर्षं कशाला?

तासगाव तालुक्यातल्या एका मामांनी विचारलंय. बहीण विट्याकडे दिलेली, तिची मुलगी साडेचार वर्षांची. फेब्रुवारीत पोरीचा ताप हटेना, पायांवर निळे डाग उठले, ती लंगडायला लागली. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला, बी-सेल एएलएल. पहिल्या पाच आठवड्यांचे उपचार झाले. बोन मॅरोचा, म्हणजे हाडांतल्या मगजाचा, रिपोर्ट स्वच्छ आहे, उरलेल्या रोगट पेशी शोधणारी एमआरडी तपासणीही निगेटिव्ह. आता बहिणीचे सासरे म्हणतात, रोग गेला तर पोरीच्या अंगात आणखी विष कशाला घालता, बंद करा, आपण गावठी औषध देऊ. दाजी गप्प आहेत. मामांचे प्रश्न तीन: थांबवलं तर खरंच काय होईल? बहीण बाळंतपणाला माहेरी होती, घर द्राक्षबागेतच, त्या वर्षीची फवारणी मामांनी स्वतः केली होती, तर हे त्यामुळे झालं का? आणि घरी नेमकं काय सांभाळायचं?

मामा, आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. उपचार थांबवू नका. आत्ता थांबवले तर रोग परत येईल. 'कदाचित' हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. पहिल्या टप्प्यावर औषधं सोडली तर तो जवळजवळ सगळ्या मुलांत परत येतो, आणि त्याला वर्षं लागत नाहीत, महिने पुरतात. मी मिरजेत एकोणीस वर्षं डॉक्टर म्हणून अशाच मुलांवर उपचार करते. पहिल्या महिन्यानंतर यायची बंद झालेली मुलं पुन्हा आलेली मी पाहिली आहेत, आईच्या खांद्यावर, अंगावर तेच निळे डाग घेऊन. तेव्हा द्यावी लागणारी औषधं आणखी कडक असतात, मॅरो ट्रान्सप्लांटपर्यंत गोष्ट जाते आणि यशाची आशा खूप खाली आलेली असते. चांगला रिपोर्ट हातात असताना ती वेळ या पोरीवर येऊ देऊ नका.

सासऱ्यांवर मात्र चिडू नका. त्यांनी पाच आठवडे नातीला पाहिलंय. केस गेलेले, स्टेरॉइडने गाल फुगलेले, रात्री दोनला उठून पिठलं-भाकरी मागणारी, मिळालं नाही तर भिंतीवर डोकं आपटणारी. त्यांना तिचे हाल बघवत नाहीत. त्यात कागदावर 'रेमिशन', म्हणजे रोग तपासणीत दिसेनासा झाला, असं आम्हीच लिहून देतो. 'बरी झाली' आणि 'रेमिशनमध्ये आली' यातला फरक दोन मिनिटं बसून सांगायला हवा, तो घाईत राहून जातो. ही उणीव आम्हा डॉक्टरांची आहे.

काही वर्षांपूर्वी जत तालुक्यातले एक आजोबा असेच नातवाला घेऊन जायला निघाले होते. मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी पहिल्या दिवसाची स्लाइड लावली. जांभळ्या, एकसारख्या, मोठ्या पेशी, मेंढरं दाटीनं उभी राहावीत तशा, मध्ये दुसरं काही दिसेना. मग पाच आठवड्यांनंतरची लावली. तांबड्या पेशी, लहान-मोठ्या पांढऱ्या पेशी, मोकळी जागा. आजोबा बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "मग राहिल्यात कुठं?" मी सांगायला लागले तेवढ्यात तेच बोलले, "हरळीच की ही. वरनं रान स्वच्छ, आत काशा." यापेक्षा चांगलं मला आजवर सांगता आलेलं नाही. हरळी कापली म्हणजे गेली, असं कुठला शेतकरी म्हणतो? काशा वेचाव्या लागतात, पुन्हा पाळी घालावी लागते, पुन्हा वेचाव्या लागतात. एक पेर मातीत राहिलं तरी पावसाबरोबर उठतं.

आता आकडे सांगते, सासऱ्यांनाही सांगा. निदान होतं त्या दिवशी अशा मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसतो तेव्हाही हजार कोटींपर्यंत शिल्लक असू शकतात, ते डोळ्याला कळत नाही. एमआरडीची तपासणी त्याहून बारीक, ती साधारणपणे दहा हजार पेशींत एक रोगट असली तरी पकडते. भाचीची ती निगेटिव्ह आली ही फार मोठी गोष्ट आहे. पुढचा अंदाज बांधायला आमच्याकडे याहून भरवशाची खूण क्वचितच असते, तेव्हा मनापासून आनंद माना. पण एक लाख कोटींचा दहा हजारावा भाग काढून बघा. दहा कोटी होतात. तेवढ्या पेशी अंगात असल्या तरी रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. पुढची दोन वर्षं आहेत ती या दहा कोटींसाठी.

हे केवळ हिशेबाने काढलेलं नाही, मुलांच्या जिवाची किंमत मोजून कळलेलं आहे. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलेल्या १६ मुलांची हकीगत प्रसिद्ध केली. १० मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली. तोवर या रोगाला कशानेच उतार पडत नसे. हे औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे मी प्रत्येक पालकाला आवर्जून सांगते. पण त्या मुलांचा उतार काही महिनेच टिकला, रोग परतला. म्हणजे सासरे आज जिथे थांबू म्हणतात, तिथे तेव्हा नाइलाजाने थांबावं लागत होतं. तिथून पुढे अनेक औषधं एकत्र द्यायला शिकलो, पाठीतून औषध द्यायला शिकलो, उपचार लांब चालवायला शिकलो, तेव्हा आज प्रगत देशांत दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात. आपल्याकडचा आकडा अजून त्याच्या खाली आहे. जंतुसंसर्ग, रोग परतणं आणि उपचार मध्येच सोडणं ही त्याची मोठी कारणं. पहिली दोन पूर्णपणे कुणाच्याच हातात नसतात. तिसरं तुमच्या घराच्या हातात आहे.

पाठीतल्या इंजेक्शनावरून सासरे सगळ्यात जास्त बिथरले असतील. पोरीला वाकवून धरतात, कण्यात सुई घालतात, बघवत नाही. पण नसेतून दिलेलं औषध मेंदू आणि कण्याभोवतीच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही, आणि रोगट पेशी तिथे दडून बसतात. हे इंजेक्शन नियमाने द्यायला लागण्यापूर्वी निम्म्याच्या आसपास मुलांचा रोग नेमका तिथूनच परतायचा. या इंजेक्शनाने पाय लुळे पडतात हा गैरसमज आहे. इंजेक्शनानंतर तिला तासभर सपाट झोपवा. डोकं दुखलं तर आम्हाला सांगा.

पुढचे टप्पे तुमच्या डॉक्टरांनी कागदावर दिले असतील, मी लांबण लावत नाही. आधी काही महिने जोरकस उपचार, त्यात एकदा स्टेरॉइड पुन्हा येईल आणि ती पुन्हा चिडचिडी, भुकेली होईल. शेजारपाजारचे म्हणतील पोर लाडावून ठेवलीय. बहिणीला आधीच सांगून ठेवा की हे औषध बोलतंय, पोर नाही. मग जवळजवळ दोन वर्षं मेंटेनन्स, म्हणजे रोग परतू नये म्हणून घरी चालणाऱ्या गोळ्या. त्यात केस परत येतात, पोर अंगणवाडीत, शाळेत जाऊ शकते, घर रुळावर येतं. आणि माझ्या अनुभवात घसरणं इथेच होतं.

मेंटेनन्समध्ये रोज रात्री एक गोळी असते, ६-एमपी म्हणतात तिला. गोळी लहान, पोर खेळती, रोगाचं नावनिशाण नाही. मग यात्रेच्या गडबडीत एक चुकते, लग्नाच्या घरी एक चुकते. मोठ्या अभ्यासांत दिसलंय की महिन्याला दोन गोळ्या चुकल्या तरी रोग परतण्याचा धोका काही पटींनी वाढतो. कवठेमहांकाळकडची एक आई भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री गोळी दिली की त्या तारखेवर कुंकवाचा ठिपका लावायची. तपासणीला येताना महिन्याचं पान फाडून आणायची. सबंध मेंटेनन्समध्ये तीन चौकोन कोरे होते, आणि त्या तीनही दिवशी पेशी फार उतरल्या म्हणून आम्हीच गोळी थांबवायला सांगितली होती. तो मुलगा आता नववीत आहे.

गोळ्या चालू असताना पांढऱ्या पेशी कमी दिसतात, आणि गावातल्या लॅबमधला माणूस "पेशी फार कमी झाल्यात" म्हणून घाबरवतो. त्या टप्प्यात आम्हाला त्या थोड्या कमीच हव्या असतात, डोस त्यावरच जुळवतो. फारच उतरल्या तर गोळी आम्ही कमी करतो. आपल्याकडच्या काही मुलांना जनुकातल्या एका फरकामुळे नेहमीचा डोस झेपत नाही, ते रक्त बघून कळतं. पण कमी करायची की थांबवायची हे घरी ठरवू नका.

दुसरी गोळी मेथोट्रेक्सेट. ही आठवड्यातून एकदाच. हे वाक्य बहिणीला, दाजींना आणि सासूबाईंनाही पाठ करून घ्या. ही गोळी चुकून रोज दिली तर जीव जाऊ शकतो. एका मुलाला औषधाच्या दुकानातून पाकिटावर 'रोज' असं लिहून मिळालं होतं. सहाव्या दिवशी ते आलं तेव्हा तोंड आतून पूर्ण सोललेलं, थुंकीही गिळता येत नव्हती, पांढऱ्या पेशी जवळपास शून्य. वाचलं, पण तीन आठवडे लागले. म्हणून मी सांगते, तुमच्या गावच्या बाजाराचा वार धरा. बाजाराच्या वारी ती गोळी, बाकी सहा दिवस तिचा डबा वरच्या फळीवर, ६-एमपीपासून लांब.

आता तापाबद्दल. मामा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. या मुलांच्या अंगात जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी असतात. जखम झाली तर पू होत नाही, छातीत संसर्ग झाला तरी फारसा खोकला नसतो. ताप एवढीच खूण मिळते. १०१ एकदा जरी आला, किंवा १००.४ तासभर टिकला, की निघायचं. सकाळची वाट बघायची नाही, उजाडल्यावर पहिली एसटी धरू म्हणायचं नाही. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आटपाडीकडचा एक बाप रात्री एकला शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन आला होता. पोर हसत होतं, ताप उतरलेला, बाप ओशाळून म्हणाला, "मॅडम, उगाच त्रास दिला का?" मी हात धरला तर बोटं थंडगार, नखं पांढरी. अर्ध्या तासात रक्तदाब पडला. ते घरीच झोपले असते तर सकाळ झाली नसती.

म्हणून थर्मामीटर घरात दोन ठेवा, ताप बघायचा तो काखेत, गुदद्वारात कधीच नाही. आधी आकडा बघायचा, आम्हाला फोन करायचा, पॅरासिटामॉल त्यानंतर. आधी गोळी दिली की ताप दबतो आणि खूण हरवते. गावातल्या डॉक्टरांकडून कमरेत इंजेक्शन घेऊ नका, प्लेटलेट कमी असतील तर तिथे रक्त साकळतं, पुढे पिकतं. आणि ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत. तुमच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या, 'ताप आल्यास काय करावे' अशी, आणि ती गाडीच्या चावीच्या खिळ्याला अडकवा. मिरज लांब पडत असेल तर रात्री जवळ कुठे पहिला डोस मिळेल तेही आत्ताच विचारून ठेवा.

कांजिण्या आणि गोवर हे आणखी दोन शत्रू. आपल्याकडे कांजिण्यांना देवी आली म्हणतात आणि लपवतात. शेजारच्या पोराला फोड दिसले आणि भाची त्याच्याबरोबर खेळली असेल तर त्याच दिवशी कळवा. पहिल्या चार दिवसांत संरक्षण देता येतं. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवरच्या ताईंना आजाराबद्दल सांगा, तिला तोंडातले थेंब नकोत, आणि घरात दुसरं लहान मूल असेल तर त्याच्या लसीबद्दलही आम्हाला विचारा.

जेवण घरचं, ताजं, गरम. पाणी उकळलेलं. पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, बीट यांवर पैसे घालू नका, केमोने उतरलेल्या पेशी त्यांनी चढत नाहीत. द्राक्षं? बागायतदाराच्या भाचीला द्राक्षं नाही म्हणणं कठीण, मला कळतं. पेशी फार कमी असतील तेव्हा नकोत. एरवी वाहत्या पाण्यात एक-एक मणी चोळून धुऊन द्या. व्हिन्क्रिस्टिन या इंजेक्शनाने पोट घट्ट होतं, पावलं लटकी पडतात. चालताना पायातली चप्पल निसटायला लागली की बहिणीने सांगावं, पोरीला धडपडी म्हणून रागावू नये.

सासऱ्यांच्या गावठी औषधाबद्दल एक सांगायचंय. हे व्हिन्क्रिस्टिन कशातून निघतं माहीत आहे? तुमच्या अंगणातल्या सदाफुलीतून. १९६३ पासून ते या रोगाच्या उपचारात आहे. म्हणजे झाडपाल्याशी आमचं वैर नाही. पण सदाफुलीची पानं चावून हा रोग जात नाही. त्या पानांत इतर विषारी द्रव्यं असतात, आणि हवं ते औषध इतकं थोडं की ते वेगळं काढून, अचूक मोजून शिरेतच द्यावं लागतं. तेच पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस मरतो. इतकं तोलूनमापून वापरायचं हे झाड आहे. भस्मं आणि काढे तर नकोतच, ६-एमपी आणि मेथोट्रेक्सेटचा भार आधीच यकृतावर असतो, ते सुजलं की आमची औषधं थांबवावी लागतात. आजोबांना काही करायचंच असेल तर त्यांच्याकडे कुंकवाच्या ठिपक्याचं काम द्या.

आता फवारणी. तुमच्या पत्रातला हा भाग वाचून मी थांबले. तुम्ही पाच वर्षांपूर्वीचं ओझं आज उचलून फिरताय. खरं ते सांगते. गरोदरपणी किंवा लहानपणी कीटकनाशकांशी संबंध आलेल्या मुलांमध्ये हा रोग थोडा जास्त आढळल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. तो फरक हजारो मुलं मोजल्यावर दिसतो. या एका पोरीला त्यामुळेच झाला, असं सांगणारी तपासणी जगात कुठेही नाही. पेशी दुभंगताना जनुकांत चुका होतात, त्यातली एखादी नको तिथे पडते, बहुतेक मुलांमध्ये याहून वेगळं कारण सापडत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात बाग कधी न पाहिलेली मुलंही याच रोगासाठी येतात, आणि बागेत घर असलेल्या हजारो मुलांना तो कधी होत नाही. तेव्हा स्वतःला गुन्हेगार ठरवू नका. पुढची काळजी मात्र घ्या, घरातल्या सगळ्याच पोरांसाठी. औषधांच्या बाटल्या राहत्या घरात नकोत, फवारणीचे कपडे वेगळे धुवा, फवारणीच्या दिवशी मुलं बागेकडे नकोत.

आणि बहिणीला कुणी ग्रहण पाळलं नाही, पांढऱ्या पायाची, असलं काही ऐकवत असेल तर तिथे तुम्ही बोला. आईच्या हातून काहीही घडलेलं नाही. हा रोग संसर्गाचा नाही, भावंडांना लागत नाही. "पोरीची जात, पुढे लग्नाचं काय" असाही सूर निघत असेल, निघतोच. या उपचारांतून बऱ्या झालेल्या बहुतेक मुलींना पुढे पाळी नीट येते, मुलं होतात. माझ्या एका पेशंटने गेल्या वर्षी बाळाला दाखवायला आणलं होतं.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांनाच गाठा, दलालाला नको. प्रत्येक टप्प्याची मंजुरी आधी घ्यावी लागते, म्हणून पुढच्या तारखेच्या आठवडाभर आधी विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज वेगळा. धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी खाटा राखीव ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, तेही विचारा. मुंबईला जावं लागलंच तर कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्याला रेल्वेत सवलत असते, महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी रुग्णालयातून तो फॉर्म भरून घ्या. हे सगळं न विचारता रान विकायला काढू नका.

पुढच्या तारखेला सासऱ्यांना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना सांगा, आजोबांना दोन्ही स्लाइड बघायच्या आहेत. कुठलाही डॉक्टर नाही म्हणणार नाही. पेशी पुरेशा चढल्या असतील तर ती तारीख एक दिवसही पुढे ढकलू नका. दाजींचं मन अजून होत नसेल तर तुम्ही स्वतः विट्याला जाऊन मायलेकींना घेऊन निघा. एप्रिलच्या खरड छाटणीचे दिवस आहेत, मजूर मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. बाग दोन दिवस थांबेल.